‘लाइट आली’मधली हाक

“‘लाइट आली’ होणार नाही,” अल्ताफ म्हणाला. “बाकी काय पाहिजे ते माग.”

“बाकी काय मागू? बाकीची तुम्ही वाजवणारच आहात.”

“मग झालं की.”

“झालं काय, डोंबल!”

मिरज स्टेशनसमोरच्या चहाच्या गाड्यावर आम्ही तिघं उभे होतो. मी, अल्ताफ आणि त्याचा ड्रमर दिग्विजय, ज्याला सगळं गाव डिग्या म्हणायचं. रविवारी ‘उलटी चप्पल’ या त्यांच्या बँडचा शेवटचा कार्यक्रम होता. त्यानंतर अल्ताफ नोकरीसाठी मस्कतला निघणार होता, डिग्याचं लग्न ठरलं होतं आणि बास गिटार वाजवणारा महेश तर पुण्याला नोकरी लागल्यापासून पाहुण्यासारखाच येत होता. म्हणजे बँड संपलेलाच होता, तेरावं तेवढं राहिलं होतं.

मी बँडमध्ये नव्हते. मी चाहती होते, आणि साधीसुधी नव्हे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्यासकट पुढच्या रांगेत चारच माणसं उरली होती, बाकीची कानात बोटं घालून कँटीनला पळाली होती. आई विचारायची, “पॉप-पंक म्हणजे गं काय?” मी सांगायचे, “चार कॉर्डांत केलेलं भांडण, पण चाल अशी की शेजारीपण गुणगुणतात.” माझी आई मुलींना शास्त्रीय गाणं शिकवते. तिला ही व्याख्या काही पटली नाही.

नावाचं म्हणाल तर, दारात चप्पल उलटी पडली की घरात भांडण लागतं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. या पोरांना भांडणच लावायचं होतं. आम्ही चाहते स्वतःला ‘चपला’ म्हणवून घ्यायचो आणि कार्यक्रमाला आलो की दारात चपला काढून मुद्दाम उलट्या ठेवायचो. ऑर्कुटवर त्यांच्या चाहत्यांचा कट्टा मी चालवत होते आणि तिथं बारा महिने एकाच विषयावर हाणामारी चालायची, सगळ्यात भारी गाणं कुठलं?

माझं ठरलेलं होतं. तिसरं, ‘आत्याचं स्थळ’. पोरगी बघायला गेलेला मुलगा आत्याच्या सगळ्या अटी एका दमात म्हणतो आणि शेवटी खरंच धाप लागून खाली बसतो. दुसरं, ‘सहा नंबर’. सगळे मित्र एकेक करून गाडीत बसून निघून जातात आणि हा सहा नंबर फलाटावर निरोपाचा हात हलवत राहतो. मिरजेत वाढलेला कुणीही ते ऐकताना आपोआप हात हलवायला लागतो. आणि पहिलं ‘लाइट आली’. यावर चर्चा नाही. ‘सहा नंबर’ला पहिला नंबर देणाऱ्या सांगलीच्या एका पोराशी मी सहा महिने बोलत नव्हते.

‘लाइट आली’ त्यांनी अल्ताफच्या घरी माडीवर लॅपटॉप ठेवून रेकॉर्ड केलं होतं. लोडशेडिंगचे दिवस होते. गाणं ऐन रंगात आलेलं असताना, दुसऱ्या कडव्याच्या तोंडावर, गिटार, बास, माइक सगळं एकदम बंद पडतं. डिग्याचा ड्रम तेवढा वाजत राहतो, कारण त्याला वीज लागत नाही. अल्ताफ थांबत नाही. तो उघड्या आवाजात गात राहतो,

*मेणबत्ती शोधू नको, काडी ओढू नको,*
*आहे तसा बघ मला, लाइट येईपर्यंत.*

आणि मग खाली जिन्याच्या तोंडातून एका बाईची हाक येते, “आली रे आलीऽऽ!” त्यासरशी सगळी वाद्यं पुन्हा कोसळतात. लॅपटॉप बॅटरीवर होता आणि त्याचा स्वतःचा माइक चालू होता म्हणून सगळं जसंच्या तसं टिपलं गेलं. पोरांनी तेच ठेवलं. ‘वीज मंडळानं साथ केलेलं महाराष्ट्रातलं एकमेव गाणं’, असं मीच कट्ट्यावर लिहिलं होतं. कार्यक्रमात त्या जागी ते मुद्दाम वाद्यं थांबवायचे आणि आम्ही सगळ्या चपला मिळून ओरडायचो, “आली रे आलीऽऽ!”

ती हाक अल्ताफच्या अम्मीची होती, जैनबचाचीची. चाची गेल्या त्याला वर्ष झालं होतं. तेव्हापासून ते गाणं बंद होतं.

“तुला काय वाटतं, मला वाजवायचं नाही?” अल्ताफनं चहाचा कप गाड्यावर ठेवला. “ती जागा आली की पब्लिक ओरडतं. आणि मी जिन्याकडं बघतो. जिथं जिना नाही तिथंसुद्धा.”

मी माझा कप त्याच्या कपाशेजारी ठेवला.

“शेवटचा कार्यक्रम आहे म्हणून म्हटलं,” मी म्हणाले.

“म्हणूनच नको.”

तो पैसे द्यायला वळला तेव्हा डिग्या माझ्या कानाशी आला. “चाचांना पण बोलावलं नाही बघ त्यानं. चाची गेल्यापासून बापलेकांत दोनच वाक्यं उरल्यात. जेवलात का, आणि जेवलो.”

*

दस्तगीरचाचा म्हणजे अल्ताफचे वडील. सतार आणि तंबोरे बनवायचं त्यांचं दुकान घराच्या तळमजल्यावर होतं आणि वरच्या माडीत बँडचा धिंगाणा. आमच्या आईचा तंबोरा त्यांच्याकडेच जवारी लावायला जायचा. जवारी म्हणजे, तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडी घासून घासून अशी करायची की तार नुसती वाजायची नाही, गुंजायची. हे काम कानानं करायचं. चाचा घासायचे, तार छेडायचे, डोळे मिटून ऐकायचे, परत घासायचे. पोरगा हे शिकेल, दुकानात बसेल, अशी त्यांची इच्छा होती. पोरगा वर चढून बसला. चाचांनी त्याचा एकही कार्यक्रम पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तंबोरा आणायला गेले. भिंतीला टांगलेल्या भोपळ्यांखाली चाचा पोतं अंथरून बसले होते.

“ये बेटी, बस. जरा ऱ्हायलंय. काय म्हणती आई?”

“बरी आहे. चाचा, रविवारी मंगल कार्यालयात या की. शेवटचा कार्यक्रम आहे.”

“मला कुणी बोलवलंय?”

“मी बोलवतेय.”

“ते कान फाटायचं काम हाय.” त्यांनी घोडीवरची पूड फुंकली. “तू शिकल्या-सवरल्या गाणारणीची पोरगी. तुला काय सापडलं गं त्यात?”

मग मी सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि आवडीच्या गाण्यांचा विषय निघाला तर मुळीच नाही. तीन, दोन, एक अशा क्रमानं सगळं सांगून मी ‘लाइट आली’वर पोचले. “आणि तेच तो वाजवणार नाही म्हणतोय. मला दुसरं काही नको होतं, चाचा. एकदा, शेवटचं ऐकायचं होतं. लोडशेडिंगमुळं अशी जागा मिळाली त्या गाण्याला, पुन्हा कुणी ठरवून करतो म्हटलं तरी होणार नाही.”

चाचांचा हात थांबला.

“लोडशेडिंग कुठलं?” ते म्हणाले. “त्या दिवशी लाइट गेलीच नव्हती.”

“असं कसं? गाण्यात ऐकू येतं की.”

त्यांनी बंडीच्या खिशातून साधा बटणांचा फोन काढला, दोन-तीन बटणं दाबली आणि माझ्यासमोर धरला. ‘लाइट आली’ सुरू झालं. मी चाचांकडं बघतच राहिले. कान फाटायचं काम त्यांच्या खिशात होतं.

वाद्यं बंद पडली. ड्रम राहिला, अल्ताफचा आवाज राहिला.

“आता ऐक,” चाचा म्हणाले. “गाण्याच्या मागं काय हाय?”

मी कान दिला. ड्रमच्या मागं काहीतरी घरघरत होतं. ती घरघर मी हजार वेळा ऐकली होती. आम्ही चपला तिला त्या गाण्याचाच भाग समजायचो.

“शेजारणीचा मिक्सर,” चाचा म्हणाले. “चटणी वाटत होती. गल्लीची लाइट गेली असती तर तिचा मिक्सर फिरला असता व्हय?”

मग हाक आली. आली रे आलीऽऽ! चाचांनी तिथंच फोन बंद केला.

“मी पाडला होता खटका,” ते म्हणाले. “मीटरजवळचा मेन. धारवाडचे एक बुवा तंबोरा घेऊन बसले होते. जवारी लागंना. वर सकाळपासून धाड धाड. दोनदा सांगून आलो, ऐकंनात. डोकं सटकलं. उठलो आणि ओढला खाली. अल्ताफची आई आतनं कणकेच्या हातानं आली. मला तिथं उभा बघितलं आणि समजली. म्हणाली, ‘तुमची तार लागंना म्हणून पोराचा गळा दाबता काय?’ मला बाजूला सारून तिनं खटका वर केला. आणि जिन्याकडं तोंड करून हाळी दिली, आली रे आली.”

“का?”

“त्याला वाटावं की मंडळानंच घालवली होती, मंडळानंच आणली. मला म्हणाली, ‘ह्याला कधी सांगायचं न्हाई. बापानं बंद केलं कळलं तर पोरगं परत माडीवर चढायचं न्हाई.’ न्हाई सांगितलं मी. मग ते गाणं गावभर झालं. रिक्षात वाजायचं, पानाच्या टपरीवर वाजायचं. लोक हसायचे, ओरडायचे. मला लाज वाटायची. एवढ्या लोकांपुढं रोज माझा खटका पडायचा.”

“तरी फोनमध्ये ठेवलंय तुम्ही?”

“तिचा आवाज दुसरा कुठं हाय मग?” चाचा म्हणाले. “फोटो हायत. निकाहाचा हाय, हजला गेलो तेव्हाचा हाय. आवाज एवढाच.”

त्यांनी तंबोरा छेडून बघितला, खोळ चढवली आणि माझ्याकडं दिला. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही. चाचा भोपळ्यांकडं बघत राहिले.

“अल्ताफला सांगू नको,” ते म्हणाले. “तिनं झाकलं ते मी कशाला उघडं करू?”

“नाही सांगणार. पण या तुम्ही.”

त्यांनी पुढची घोडी पुढ्यात ओढली.

*

रविवारी दुपारी कार्यालयाच्या दारात उलट्या चपलांचा खच पडला होता. कुठून कुठून लोक आले होते. ‘सहा नंबर’वाला सांगलीचा पोरगाही फोन घेऊन पहिल्या रांगेत उभा होता आणि मी मोठ्या मनानं त्याच्याशी बोलले.

गाणी सुरू व्हायच्या जरा आधी मी दाराशी आले तर चाचा वाकून चपला सरळ करत होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर नमाजाची टोपी. सात-आठ जोड लावून झालेले.

“चाचा, राहू द्या. त्या उलट्याच ठेवायच्या असतात.”

“भांडण लागतं.”

“लागू दे की.”

त्यांनी कमरेवर हात ठेवून तो सगळा खच बघितला. “जैनबनं सगळ्या सरळ केल्या असत्या,” ते म्हणाले आणि आत आले. मी पुढं खुर्ची देत होते. त्यांनी ऐकलं नाही. लग्नात बिनओळखीचा माणूस बसतो तसे ते सगळ्यात शेवटी, दाराजवळ भिंतीला टेकून बसले.

कार्यक्रम झकास झाला. ‘आत्याचं स्थळ’ला अल्ताफला खरोखरच धाप लागली, असल्या गाण्यांचं वय उरलं नव्हतं त्याचं. दोन-तीन गाण्यांनंतर मागून कुणीतरी ओरडलं, “लाइट आली!” मग सगळं कार्यालय ते म्हणायला लागलं. मी गप्प होते. तोंड उघडलं तर मला माहीत होतं तेच बाहेर पडेल अशी भीती वाटत होती.

अल्ताफनं हात वर केला. “ते गाणं नाही,” तो माइकवर म्हणाला. “का, ते तुम्हाला माहीत आहे. रागावू नका. आता शेवटचं. ‘सहा नंबर’.”

मी वळून बघितलं. चाचा मान खाली घालून बसले होते.

‘सहा नंबर’ सुरू झालं. पहिलं कडवं झालं, लोक हात हलवायला लागले. सांगलीचा पोरगा विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघत होता. दुसऱ्या कडव्याच्या तोंडावर सगळं एकदम बंद पडलं. गिटार गेली, बास गेला, माइक गेला, स्टेजवरचे दिवे गेले. खिडक्यांतून येणारा दुपारचा उजेड तेवढा राहिला.

“अरेऽऽ!” सगळे एका सुरात म्हणाले.

“जनरेटर! ए, जनरेटर बघ!” कार्यालयाचे मॅनेजर बाहेरून धावत आले.

आणि डिग्या थांबला नाही. लाइट गेली की ड्रम थांबवायचा नाही, हे त्याच्या हातांना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. थोडा वेळ तो ‘सहा नंबर’च वाजवत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि ताल बदलला. आम्हा चपलांना तो ताल झोपेतही ओळखू आला असता. माझ्या शेजारच्या मुलीनं सुरुवात केली, मग मी, मग सगळ्यांनी.

मेणबत्ती शोधू नको, काडी ओढू नको…

अल्ताफ गात नव्हता. माइक सोडून तो मागं सरकला होता. आणि त्यानं, सवयीनंच असेल, जिना शोधायला मान वर केली. तिथं जिना नव्हता. दार होतं. दाराशेजारी भिंतीवरची मेनची पेटी उघडी होती आणि तिच्या खटक्यावर चाचांचा हात होता. मॅनेजर त्यांच्याशी हुज्जत घालत होते.

“अहो, काय चालवलंय हे? सोडा तो हात!”

“थांबा हो,” चाचा म्हणाले. “गाणं चाललंय.”

अल्ताफ बघत राहिला. बापाकडं, पेटीकडं, परत बापाकडं. गिटार त्याच्या गळ्यात नुसती लोंबत होती. त्याला कधी कळलं ते मला दिसलं. त्याचं तोंड अर्धवट उघडलं, मिटलं, आणि मग तो गायला लागला. माइक नाही, काही नाही. इतकी वर्षं ऐकलेल्या त्या आवाजात पहिल्यांदाच भांडण नव्हतं.

आहे तसा बघ मला, लाइट येईपर्यंत.

हाकेची जागा आली. एरवी त्या जागी आम्ही छप्पर उडवायचो. त्या दिवशी कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण एकही माणूस ओरडला नाही. सगळं कार्यालय दाराकडं तोंड करून उभं होतं. नुसता ड्रम वाजत होता.

चाचांनी खटका वर केला. दिवे लागले. स्पीकर खरखरले. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. आयुष्यात कधी ओरडला नसेल असा माणूस तो. त्यांनी घसा खाकरला, पेटीला धरलं आणि परत जोर केला.

“आली रे… आलीऽऽ!”

फाटका, जाड, कुठल्याच पट्टीत न बसणारा आवाज. त्याच्यावर गिटार आणि बास असे कोसळले की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी ओरडत होते, रडत होते, सांगलीच्या पोराला दंडाला धरून हलवत होते. तोही रडत होता. त्यानं नंतर कट्ट्यावर लिहून आपला पहिला नंबर बदलला.

गाणं संपलं तसा अल्ताफ स्टेजवरून उतरला आणि खुर्च्यांमधून वाट काढत दाराकडं आला. लोक बाजूला झाले. मी तिथंच उभी होते.

“अब्बा,” तो म्हणाला. “त्या दिवशीसुद्धा?”

“व्हय,” चाचा म्हणाले. “मीच.”

“आणि अम्मी?”

“तिनं चालू केलं. तुला कळू नये म्हणून ओरडली.”

अल्ताफनं त्या पेटीचं दार हलकेच लावलं. कडी घातली. पाठमोरा असतानाच त्यानं विचारलं,

“जेवलात का?”

“न्हाई अजून.”

“चला मग.”

दारात दोघांना आपापल्या चपला काही सापडेनात. खाली वाकून, एकेक उलटी चप्पल सरळ करून, ते शोधत होते. चाचा पुटपुटत होते आणि अल्ताफ हसत होता.

तो मस्कतला गेल्यावर एकदा चाचांनी मला बोलावून घेतलं. सांगलीच्या पोरानं फोनवर केलेलं त्या दिवसाचं रेकॉर्डिंग त्यांना हवं होतं. मी त्यांच्या फोनचं कार्ड काढून त्यात ते घालून दिलं.

“कुठं घातलंस?”

“जुन्या ‘लाइट आली’च्या खाली.”

“ऐकव.”

आम्ही आधी चाचींची हाक ऐकली, मग चाचांची. भोपळ्यांखाली बसून चाचांनी डोळे मिटून, तार ऐकावी तसं ते ऐकलं.

“मी बेसूर हाय,” ते म्हणाले.

“आहात.”

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि कानस उचलली.

“असू दे,” ते म्हणाले. “तिच्या शेजारी हाय.”